डावीकडे सरकार, उजवीकडे कंपनी

मी, खाली सही करणारी, बसस्थानकावरची निवृत्त उद्घोषिका, वय सत्तरीच्या पुढे, हे मृत्युपत्र राजीखुशीने आणि पूर्ण शुद्धीत लिहून ठेवते. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. माझे दडपण ज्यांच्यावर आहे त्यांची संख्या मोठी असल्यामुळे नावे देत नाही. डोळ्यांना हल्ली कमी दिसते, पण कान शाबूत आहेत आणि जिभेबद्दल कोणाची तक्रार असलीच तर ती कमतरतेची नाही.

'जीविताचा भरवसा नाही' हे वाक्य वकिलांनी घालायला सांगितले. बसचाही भरवसा नव्हता, तरी मी जन्मभर "गाडी थोड्याच वेळात सुटेल" असे सांगत आले. तेव्हा मीही थोड्याच वेळात सुटेन, एवढे नमूद करते.

याआधी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. धमक्या पुष्कळ दिल्या होत्या. त्या सर्व या लेखाने रद्द समजाव्यात.

कलम एक. वारस.

माझे पती हयात नाहीत. मला दोन अपत्ये. मुलगा थोरला, सरकारी रुग्णालयात एक्स-रे काढतो. यापुढे त्याचा उल्लेख 'सरकार' असा होईल. मुलगी धाकटी, आरोग्य विमा विकणाऱ्या कंपनीत अधिकारी आहे. यापुढे तिचा उल्लेख 'कंपनी'. वकील म्हणाले, "बाई, मृत्युपत्रात टोपणनावं चालत नाहीत." मी म्हटले, "घरात चालतात, मग इथे काय बिघडलं? खरी नावं ओळखपत्रावर आहेत, ती मागे जोडा." त्यांनी जोडली आहेत.

जावई भला माणूस आहे, म्हणजे भांडणात पडत नाही. सूनबाई शाळेत गणित शिकवते. तिच्याबद्दल पुढे येईल.

कलम दोन. राहते घर.

तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि एक गॅलरी. गॅलरीत एका वेळी एकच माणूस उभा राहू शकतो, म्हणून घरातली सगळ्यात शांत जागा तीच. हे घर मी दोघांना निम्मे-निम्मे देते. सरकार आणि सूनबाई आज तिथे राहतात, त्यांनी राहावे. कंपनीने हक्काने यावे, मात्र उंबरा ओलांडताच "पडदे अजून तेच का?" असे विचारू नये. मध्ये भिंत घालायची नाही. जो घालील त्याचा हिस्सा दुसऱ्याला जाईल आणि भिंत पाडायचा खर्चही त्याच्याच माथी. गॅलरी कोणाच्याच हिश्श्यात नाही. ज्याला रडू येईल त्याने वापरावी.

कलम तीन. पतीची हत्यारे.

माझे पती त्याच बसस्थानकाच्या आगारात गाड्यांच्या पाट्या रंगवत. ते लिहीत आणि मी वाचत असे. आमची ओळख झाली तीही पाटीमुळेच. त्यांनी एकदा दोन गावांच्या पाट्यांची अदलाबदल केली, मी कागदाप्रमाणे घोषणा केली, आणि लग्नाला निघालेले अख्खे वऱ्हाड भलत्याच गावी जाऊन उतरले. साहेबांनी आम्हा दोघांना समोर उभे केले. मी म्हटले, "चूक पाटीची आहे." हे म्हणाले, "चूक आवाजाची आहे, साहेब. एवढा गोड आवाज असल्यावर पाटी कोण वाचतंय?" साहेबांना राग आवरेना आणि मला हसू. पुढचे सांगायची गरज नाही, दोन अपत्यांचा उल्लेख वर आलाच आहे.

यांचे ब्रश, रंगाचे डबे आणि मोजपट्टी मी आमच्या तळमजल्यावरच्या रिक्षावाल्या शेजाऱ्याला देते. त्याच्या रिक्षामागे 'आईचा आशिरवाद' असे लिहिलेले आहे. आधी ते शुद्ध करावे आणि मगच हत्यारांना हात लावावा.

कलम चार वकिलांनी खोडायला लावले. ते माझ्या नणंदेबद्दल होते. तिला ते तोंडी ठाऊक आहे.

कलम पाच. माझी कवळी.

वरच्या जबड्यातली, दोन दातांची, दोन्ही बाजूंना तारेचे आकडे असलेली. वस्तू लहान आहे, पण तिच्यापायी या घरात जे झाले ते आधी लिहून ठेवणे भाग आहे.

त्या दिवशी सकाळी कंपनी माझ्या पॉलिसीच्या नूतनीकरणाचा कागद घेऊन आली होती. सरकारची दुपारची पाळी होती, म्हणून तोही घरात होता. चहा आणि टोस्ट चालू होते.

"आई, इथे सही कर. मुदत संपत आली," कंपनी म्हणाली.

"कशाला?" सरकार म्हणाला. "आजवर हप्ते भरले त्याचं काय झालं? आजारी पडली नाही म्हणून गेले. पडली असती तर 'हा आजार बसत नाही' म्हणून गेले असते. माणसाला आजारपणात दवाखाना लागतो, कागद नाही. सगळ्यांनी मिळून कर भरायचा, सगळ्यांना सारखी खाट. एवढं सोपं आहे."

"सारखी खाट! एका खाटेवर दोघं, म्हणजे सारखीच की. आणि तुमची लिफ्ट कधीपासून बंद आहे रे दादा? तिच्यात कबुतरांनी पिल्लं काढलीत."

"तुमच्याकडे लिफ्ट चालते गं. पण आधी खाली विचारतात, कितव्या मजल्यापर्यंत परवडतं?"

"निदान विचारतात तरी! तुमच्याकडे कोणी विचारायलाच नसतं."

हे दोघे लहान होते तेव्हा खिडकीजवळच्या जागेवरून भांडायचे. आवाज तोच होता, विषय फक्त मोठा झाला होता. माझ्या तोंडात टोस्टचा घास होता. मी "गप्प बसा!" असे ओरडायला तोंड उघडले. 'गप्प' बाहेर आले आणि 'बसा' कवळीसकट आत गेले.

श्वास चालू होता, पण घशाच्या खाली काहीतरी आडवे रुतले होते. ना गिळता येई, ना बोलता. या दोघांच्या ते लक्षातही आले नाही. आयुष्यात मी पहिल्यांदाच गप्प बसले आणि दोघांनाही वाटले, आई आपल्या बाजूची आहे. सरकार म्हणाला, "बघ, आईला पटलंय." कंपनी म्हणाली, "तिला माझं पटलंय." शेवटी सूनबाई म्हणाली, "अहो, आईंचे पुढचे दोन दात कुठे गेले?"

सगळ्यांनी आधी बशीत शोधले, मग टेबलाखाली. मी घशाकडे बोट दाखवले, तेव्हा कुठे प्रकाश पडला.

शेजाऱ्याने रिक्षा काढली. मागे मी, एका बाजूला कंपनी, दुसऱ्या बाजूला सूनबाई, आणि पुढे शेजाऱ्याच्या सीटवर अर्धा आत अर्धा बाहेर सरकार. चौकापर्यंत सगळे ठीक होते. चौकातून डावीकडे सरकारी रुग्णालय आणि उजवीकडे कंपनीच्या यादीतले खासगी.

"डावीकडे घे," सरकार म्हणाला.

"उजवीकडे," कंपनी म्हणाली. "आईकडे कार्ड आहे."

"कार्ड घशात घालणार आहेस का? तिथे माझी माणसं आहेत."

"तुझ्या माणसांकडे रांग आहे."

शेजारी वळून म्हणाला, "काकू, तुम्हीच सांगा, डावीकडे की उजवीकडे?" तोंडातून लाळ गळत होती, ती पुसायला मी डावा हात उचलला. सरकार ओरडला, "बघ, आईने सांगितलं!" कंपनी म्हणाली, "आई उजव्या हाताची आहे. डाव्या हाताचं तिचं काही खरं नसतं." मागे हॉर्नचा गोंगाट सुरू झाला. वाहतूक पोलीस शिटी वाजवत आला. "चौकात का थांबलात?"

शेजारी म्हणाला, "साहेब, देशाचं आरोग्य धोरण ठरतंय. दोन मिनिटं द्या."

तेवढ्यात सूनबाईने विचारले, "जवळ कुठलं आहे?"

"उजवीकडचं," शेजारी म्हणाला.

"मग उजवीकडे."

त्या सकाळचे ते पहिले शहाणे वाक्य.

खासगी रुग्णालयाचे दार आपोआप उघडले. आत गारवा, मऊ कोच, काचेच्या पेटीत रंगीत मासे. तिथे इतकी शांतता होती की कण्हायचीही लाज वाटावी. एका मुलीने हसून पाणी आणून दिले, ते मला गिळता येईना. कंपनीने कार्ड टेबलावर ठेवले, तेव्हा तिची मान ताठ होती. टेबलामागच्या मुलीने फोन लावला, बराच वेळ 'हो हो' केले आणि मग फोनवर हात ठेवून विचारले, "मॅडम, पेशंटने गिळलेली वस्तू स्वतःची होती का?"

"म्हणजे काय? दुसऱ्याचे दात कोण गिळेल?"

"स्वतःची असेल तर ती आधीपासूनची धरतात. आधीपासूनचं बसत नाही, म्हणून विचारलं."

"आधीपासूनचा आजार बसत नाही. दात म्हणजे आजार आहे का?"

"दात असते तर नसता, मॅडम. पण नव्हते म्हणून बसवले ना? म्हणजे दात नसणं हे आधीपासूनचं..."

मला बोलता येत नव्हते, पण दिसत होते. कंपनीचा चेहरा उतरत गेला. हा प्रश्न कसा विचारायचा याचे शिबिर तिनेच मागच्या वर्षी घेतले होते आणि घरी येऊन फोटोही दाखवले होते.

"मंजुरी येईपर्यंत बसा," मुलगी गोड आवाजात म्हणाली. "तसेही नळीने तपासणारे डॉक्टर आमच्याकडे संध्याकाळी येतात. सकाळी ते सरकारीत असतात."

सरकार उठलाच. "ऐकलंस?"

मग पुन्हा तो चौक, तोच पोलीस. त्याने यावेळी शिटी न वाजवता सलाम केला.

सरकारी रुग्णालयाच्या पायऱ्यांवर माणसे बसली होती. लिफ्टमध्ये खरोखरच कबुतरे होती. केसपेपरच्या खिडकीशी सरकार पुढे घुसला, तर आतला कारकून म्हणाला, "एक्स-रेवाले साहेब, तुम्ही असाल मोठे. पण ती पाटी बघा." पाटीवर लिहिले होते, 'रांगेत सगळे सारखे'. ती लावून घ्यावी म्हणून सरकारनेच उपोषणाची धमकी दिली होती. आम्ही रांगेत उभे राहिलो. नंबर आला तेव्हा कारकुनाने विचारले, "नाव?" दोघे एकदम बोलले. तो म्हणाला, "पेशंटला बोलू द्या." मी हातवारे केले. "बोलत नाहीत? मग मनोविकार, खोली बारा." सूनबाईने कागद परत आत सरकवून सगळे नीट सांगितले नसते, तर मी आज कदाचित खोली बारामध्येच असते.

एक्स-रे सरकारने स्वतः काढला. "आई, हलू नकोस हं," तो म्हणाला. त्याची नखे कापताना मी असेच म्हणायची. फोटो आला आणि तो बघतच राहिला. जन्मभर लोकांची हाडे बघितलेला माणूस, पण त्याने फोटो आधी उलटाच धरला. माझ्या छातीच्या वरच्या बाजूला ते दोन आकडे अगदी स्पष्ट दिसत होते.

नळीवाले डॉक्टर शिडशिडीत, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. त्यांनी फोटो उजेडासमोर धरला. "आकडा अन्ननलिकेत रुतलाय. जास्त वेळ ठेवण्यात अर्थ नाही, भोक पडायची भीती असते. नळी घालून काढायला हवं."

"मग काढा ना, सर," सरकार म्हणाला.

"कशाने? आपली नळी बिघडलीय. दुरुस्तीचा अर्ज वर गेलाय."

"वर म्हणजे कुठे?" कंपनीने विचारले.

"ते मलाही कोणी सांगितलेलं नाही. चालू नळी तिकडे आहे, जिथे मी संध्याकाळी जातो."

आता कंपनीची पाळी होती. "ऐकलंस?" ती म्हणाली, पण तिच्या आवाजात जोर नव्हता. कारण त्याच वेळी मी रुमालात थुंकले होते आणि रुमालावर रक्ताची रेघ होती. ती दोघांनीही पाहिली.

"सर, आत्ता चला ना तिकडे," सरकार म्हणाला.

"बाहेर बघितलंस? एक मूल नाणं गिळून बसलंय. एक आजोबा पहाटेपासून आलेत. यांना कोणाच्या भरवशावर सोडू?"

यंत्र उजवीकडे, माणूस डावीकडे, आणि मध्ये रस्ता. मला वाटले, आपली शेवटची गाडी लागली. घोषणा करायलाही कोणी नाही.

कंपनी उठली. जिन्यावर तिची चप्पल निसटली, ती तिने हातात घेतली आणि पळत सुटली. इकडे डॉक्टरांनी खासगीच्या मालकांना फोन लावला. त्यांचे बोलणे मी ऐकले. "नळी पाठवा. नाही पाठवली तर संध्याकाळी मी येणार नाही, आणि मी आलो नाही तर तुमचे मासे कोण बघायला येणार?"

शेजाऱ्याने रिक्षा कशी हाकली हे तोच सांगेल, आणि दर खेपेला रस्ता थोडा लांबवूनच सांगेल. कंपनी परत आली तेव्हा तिच्या हातात एक लांब पेटी होती आणि पेटीचे दुसरे टोक खासगीतल्या एका माणसाने धरले होते. 'पेटी नजरेआड करायची नाही' असा त्याला हुकूम होता, म्हणून तो जिनाही उलटा चढला. कंपनीने तिथे कसल्यातरी कागदावर स्वतःच्या नावाने सही केली होती. "काय लिहिलं होतं?" सूनबाईने विचारले. "वाचलं नाही," कंपनी म्हणाली. जी मुलगी साबणाच्या वेष्टनावरचेही बारीक अक्षर वाचते, तिने वाचले नाही.

तोपर्यंत सरकारने खोली मोकळी करून घेतली होती, दिवा बदलला होता आणि माझे डोके दोन्ही हातांत धरून तो उभा होता. डॉक्टरांनी घसा बधिर केला. बाकीचे मी सांगत नाही, वाचणाऱ्याने जेवण केलेले असेल. शेवटी डॉक्टर म्हणाले, "आली!" आणि चिमट्यात माझे दोन दात वर धरले.

दाराबाहेरची रांग विचारत होती, "निघाली का? निघाली का?" मला सगळ्यांचे आभार मानायचे होते. पण तोंड उघडले आणि सवयीने बाहेर आले, "प्रवाशांनी कृपया दाराजवळ गर्दी करू नये."

रांगेतले ते आजोबा उठून उभे राहिले. "अरे, ही तर बसस्थानकावरची बाई! मला इतकी वर्षं वाटत होतं, टेप लावतात!"

इथे ही कथा संपायला हवी होती. पण जिन्यावर सरकार म्हणाला, "शेवटी माणूस आमचाच उपयोगी पडला." कंपनी म्हणाली, "आणि मशीन कोणाचं?" डॉक्टर मागून म्हणाले, "दात यांचे होते. घरी जा." तेवढ्यावर थांबले असते तरी चालले असते. पण कंपनी बोलून गेली, "जिथे बाबांना जमिनीवर झोपवलं होतं, तिथेच तू आईलाही आणलंस." सरकार म्हणाला, "आणि तू आईला माशांसमोर मरायला बसवलं होतंस."

त्या दिवसापासून दोघे एकमेकांशी बोललेले नाहीत. जेवायला एका टेबलावर बसले तरी "वहिनी, दादाला सांग, मीठ इकडे दे" असे चालते. मीठ वाटेतच संपते.

ती कवळी मी अजून वापरते. डॉक्टरांनी विद्यार्थ्यांना दाखवायला मागितली होती. मी म्हटले, "डॉक्टर, अजून मला जेवायचं आहे." माझ्या पश्चात ती त्यांना द्यावी.

कलम सहा. दोन गोष्टी, ज्या मला माहीत आहेत हे दोघांनाही माहीत नाही.

हे कलम वाचले जात असताना दोघांनी एकमेकांकडे बघू नये. माझ्या फोटोकडे बघावे.

पहिली गोष्ट. कंपनीला गेल्या वर्षी कुत्रा चावला. त्याची सगळी इंजेक्शने तिने सरकारी रुग्णालयात घेतली, तोंडाला ओढणी गुंडाळून, सरकारची पाळी नसताना. तिथल्या नर्सबाई माझ्या ओळखीच्या आहेत. त्या म्हणाल्या, "तुमची मुलगी फार चांगली हो. रांगेत एका म्हातारीला आपला नंबर दिला."

दुसरी गोष्ट. सरकारने आपल्या बायकोसाठी आरोग्य विमा उतरवला आहे. बहिणीच्या कंपनीत नाही, शेजारच्या गल्लीतल्या एजंटाकडून. पॉलिसी तो जुन्या रेडिओच्या खोक्यात ठेवतो. पुसायला मीच काढते तो रेडिओ. त्याने पॉलिसीतल्या न कळलेल्या ओळींखाली पेन्सिलीने रेघा मारल्या आहेत. अख्खा कागद रेघांनी भरला आहे. घरात त्या भाषेची जाणकार सख्खी बहीण असताना!

मला याचा राग आलेला नाही. जीव लावलेल्या माणसासाठी आपण कुठलेही दार ठोठावतो. फक्त दुसऱ्याने ठोठावले की आपण त्याला नावे ठेवतो.

कलम सात. यांच्या मृत्यूबद्दल.

हे कलम मी वकिलांना सांगून लिहवले नाही. स्वतःच्या हाताने लिहिले आहे, म्हणून ओळी तिरक्या आहेत.

तुमचे बाबा गेले तेव्हा तुम्ही दोघे कॉलेजात होता. सरकारी रुग्णालयाच्या व्हरांड्यात त्यांना गादी मिळाली होती आणि सलाइनची बाटली खिडकीच्या खिळ्याला टांगली होती. कंपनी, तू तो खिळा बघितलास. माझ्या माणसांना पुन्हा असं झोपावं लागू नये, असं तू तेव्हा ठरवलंस. सरकार, तू त्याच व्हरांड्यात एक वॉर्डबॉय बघितलास. तो बाबांना चमच्याने पेज भरवत होता आणि तुम्ही कोण, कुठले, पैसे आहेत का, हे त्याने एकदाही विचारलं नाही. तू तिथेच नोकरीला लागायचं ठरवलंस. एकाच मरणातून तुम्ही दोघं दोन वेगवेगळ्या दारांनी बाहेर पडलात. दोघांनी चांगलंच केलं. मी दोघांकडे बघून सुखावले.

पण एक गोष्ट तुम्हाला माहीत नाही. यांनी मला शपथ घातली होती. आता मी त्यांच्याकडेच चालले आहे, तिथे काय ते ऐकून घेईन.

त्यांच्या छातीत वर्षभर दुखत होतं. पाट्या रंगवताना हात वर गेला की कळ यायची, म्हणून ते पाटी खाली ठेवून रंगवायला लागले होते. मला ते व्हरांड्यात कळलं, त्यांच्याच तोंडून. मी म्हटलं, "अहो, मग दाखवलं का नाही?" ते म्हणाले, "सरकारी दवाखान्यात गेलो असतो तर रांगेत दिवस बुडला असता. खासगीत गेलो असतो तर मुलांची फी बुडाली असती. म्हटलं, बघू पुढच्या महिन्यात." मग म्हणाले, "पोरांना सांगू नकोस. फीचं ऐकून शिकायचं सोडतील."

तेव्हा त्यांना ना व्हरांड्याने मारलं, ना पॉलिसी नव्हती म्हणून ते गेले. 'बघू पुढच्या महिन्यात' याने त्यांना मारलं. रांग लहान असती तर ते गेले असते. खर्चाची भीती नसती तरी गेले असते. म्हणजे तुम्ही दोघं जन्मभर जे काम करताय, ते एकाच माणसाला वेळेत दारापर्यंत आणायचं काम आहे. दार कुठलं, यावरून त्याला चौकात ताटकळत ठेवू नका रे.

कलम आठ. बँकेतली शिल्लक.

निम्मी रक्कम सूनबाईला, बिनशर्त. तिने ती स्वतःवर खर्च करावी आणि हिशेब कोणालाही देऊ नये. ती गणिताची आहे, तिला हिशेब न देणे जड जाईल, पण प्रयत्न करावा.

उरलेली रक्कम सरकारी रुग्णालयाची नळी दुरुस्त करायला द्यावी. ती अजून बिघडलेलीच आहे. पाठपुरावा कंपनीने जातीने करावा. अर्ज वर जातो म्हणजे नेमका कुठे जातो हे शोधून काढणारी एकच व्यक्ती मला माहीत आहे आणि ती माझ्या पोटी जन्मली आहे. सरकारने दर रविवारी आमच्या इमारतीतल्या ज्यांच्याकडे पॉलिसी आहे त्यांना ती सोप्या भाषेत वाचून दाखवावी. अडेल तिथे बहिणीला विचारावे. अडेलच.

कलम नऊ. माझे शेवटचे आजारपण.

मला कुठे न्यायचे हे सरकार ठरवणार नाही आणि कंपनीही ठरवणार नाही. सूनबाई ठरवील. तिला मी काहीही सांगून ठेवलेले नाही. ती जे जवळ असेल आणि जिथे माणूस हजर असेल तिथे नेईल. घरीच राहू द्यावे असे तिला वाटले तर घरीच. ती ठरवत असताना दोघांनी माझा एकेक हात धरावा. हात गुंतलेले असले की माणूस कमी भांडतो, असा माझा अनुभव आहे. माझ्या मरणाची बातमी लाउडस्पीकरवरून देऊ नये. कोणी दिलीच तर शब्द स्पष्ट उच्चारावेत.

हे सर्व मला वाचून दाखवण्यात आले. दोन ठिकाणी मी शुद्धलेखन सुधारले.

साक्षीदार एक: रिक्षा चालवणारे शेजारी, तळमजला. ब्रश आणि रंगांचे डबे त्यांना दिलेले असल्याने त्यांची साक्ष चालणार नाही, असे वकील आत्ता, सगळे लिहून झाल्यावर म्हणाले. त्यामुळे हत्यारांबाबतचे कलम तीन बदलून हत्यारे शेजाऱ्याच्या पत्नीला देत आहे. तिचे अक्षरही त्याच्यापेक्षा बरे आहे. यालाही वकिलांनी नकारार्थी मान हलवली; साक्षीदाराच्या बायकोलाही देता येत नाही म्हणे. तेव्हा शेजारी केवळ चहा प्यायला हजर आहेत असे धरावे. त्यांच्या जागी शाळेचे मुख्याध्यापक, दुसरा मजला.

साक्षीदार दोन: नळीवाले डॉक्टर. त्यांनीच मी शुद्धीवर असल्याचा दाखला दिला आहे. कवळीचा वारसा त्यांनी लेखी नाकारला, म्हणून त्यांची साक्ष चालते. दाखला कोणत्या रुग्णालयाच्या कागदावर लिहू, असे त्यांनी विचारले. मी त्यांना कोरा कागद दिला.

सरकार आणि कंपनी लाभार्थी असल्यामुळे त्यांना खोलीत बसता येत नाही. दोघे बाहेर जिन्यावर बसले आहेत. हा शेवटचा परिच्छेद मी सही करायच्या आधी वकिलांना थांबवून लिहवून घेत आहे. सही करायच्या जागेवर मला रेघ दिसेना, मी चष्मा पुसला, तरी दिसेना. "रेघ कुठे आहे?" असे मी वकिलांना विचारले, ते दारातून बाहेर ऐकू गेले. जिन्यावरून आवाज आला, "आईचा मोतीबिंदू पिकलाय. आमच्याकडे शिबिर आहे, फुकट करतात." त्यावर दुसरा आवाज, "शिबिरात? आईचा डोळा? तिच्या पॉलिसीत मोतीबिंदू बसतो, दादा. मी स्वतः घालून घेतलाय." "कधी घातलास?" "त्या दिवसानंतर. आणि दाताचंही कलम बदलून घेतलंय, भांडून." "मला का नाही सांगितलंस?" "बोलत होतास का तू?"

वकील म्हणाले, "बाई, बाहेर फार आवाज चाललाय. दार लावून घेऊ का?"

मी म्हटले, "उघडंच राहू द्या," आणि आता सही करते.

सही: वर आहे, रेघेच्या थोडी खाली.

ठिकाण: माझ्या घराची पुढची खोली.

दिनांक: शिक्क्यावर आहे तोच.